भूतानची तार कुठून जाते

हावडा–मुंबई रेल्वेमार्ग नागपुरातून जातो, आणि त्या रुळांच्या कडेनं जमिनीत पुरलेल्या पाइपांमधून फायबरही जाते. थिंफूतल्या एखाद्या शाळेनं संगणकावर एखादं पान उघडलं, तर त्याची मागणी मुंबईच्या समुद्राकडे जाताना आपल्या अजनी यार्डाच्या बाजूनं सरकून जाऊ शकते. भूतानला समुद्र नाही. नागपूरलाही नाही. फरक एवढाच, की आपल्याला समुद्रापर्यंत जायला कुणाची सीमा ओलांडावी लागत नाही.

भूतानात इंटरनेट सुरू झालं २ जून १९९९ रोजी. चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांच्या राज्याभिषेकाला त्या दिवशी २५ वर्षं झाली होती. टीव्हीचं प्रसारणही त्याच दिवशी सुरू झालं, त्यामुळे जगभरच्या बातम्यांमध्ये टीव्हीचीच चर्चा जास्त झाली. इंटरनेट देणाऱ्या सेवेचं नाव द्रुकनेट. द्रुक म्हणजे मेघगर्जनेचा ड्रॅगन, त्यांच्या झेंड्यावरचा. ती चालवायचं सरकारचं दूरसंचार खातं. त्याच खात्याची १ जुलै २००० रोजी भूतान टेलिकॉम कंपनी झाली. तेव्हा देशाची लोकसंख्या साधारण नागपूरच्या तिसऱ्या हिश्शाएवढी असेल. २००५ च्या जनगणनेत ती ६,३४,९८२ भरली.

«देश इंटरनेटला जोडला» हे वाक्य ऐकून डोळ्यांपुढे एक तार येते. प्रत्यक्षात चार-पाच वेगवेगळी कामं असतात आणि त्यांतलं तारेचं काम बहुतेकदा शेवटी होतं.

पहिलं काम नावाचं, आणि ते सगळ्यांत स्वस्त. देशांच्या दोन अक्षरी आंतरराष्ट्रीय यादीत भूतानला बीटी ही अक्षरं आहेत, म्हणून नाव डॉट बीटी. त्यासाठी एक प्रशासकीय आणि एक तांत्रिक जबाबदार माणूस लागतो आणि किमान दोन नेमसर्व्हर, म्हणजे नावावरून संगणकाचा पत्ता सांगणारी यंत्रं, लागतात. दोन्ही सर्व्हर एकाच खोलीत ठेवणं ही नवख्यांची ठरलेली चूक. देशाबाहेर जाणारी एकुलती एक जोडणी पडली, की दोन्ही एकदम गायब होतात आणि जगाच्या दृष्टीनं डॉट बीटी नावाचं काहीच उरत नाही. पाठवलेली ईमेल थांबून राहायच्या ऐवजी «असा पत्ताच नाही» म्हणून परत जाण्याची वेळ येऊ शकते. म्हणून एक सर्व्हर परदेशात, दुसऱ्याच कुणाच्या तरी जाळ्यावर ठेवतात. तो जागा असला, की पाठवणारी यंत्रं साधारण चार-पाच दिवस पुन्हापुन्हा प्रयत्न करत राहतात आणि तेवढ्यात जोडणी परत येते. नाव असलं म्हणजे जोडणी चांगली असते असं मात्र नाही. तुवालू बेटांनी आपल्या डॉट टीव्ही नावाचे हक्क २००० साली १२ वर्षांसाठी ५ कोटी डॉलरला दिले, तेव्हा तिथे नावाला भाव होता, लाइनला नव्हता.

दुसरं काम आकड्यांचं. आशिया-पॅसिफिकमध्ये आयपी पत्ते वाटण्याचं काम एपनिक करते. द्रुकनेटकडे २०२.१४४.१२८.० पासून सुरू होणारा ८,१९२ पत्त्यांचा गठ्ठा आहे. डायल-अपच्या, म्हणजे फोन लावून इंटरनेटला जोडण्याच्या काळात हे भरपूर होते, कारण पत्ता ग्राहकाला लागत नाही, सेवेच्या टोकाच्या मोडेमला लागतो. ग्राहक फोन ठेवतो, पत्ता पुढच्याला मिळतो.

याच्याबरोबर येतो मार्गनिवडीचा प्रश्न. बाहेर जायला एकच वाट असेल तर बीजीपी, म्हणजे जाळ्यांनी एकमेकांना वाटा कळवायची पद्धत, वगैरेच्या भानगडीत पडायचं कारण नाही. राउटरला एकच ओळ सांगायची: माहीत नसलेलं सगळं या दारातून बाहेर. १९९९ मध्ये जगाची पूर्ण मार्गसूची साठेक हजार नोंदींची होती आणि ती सांभाळायला महागडी मेमरी लागायची. एका वाटेसाठी ती घेणं म्हणजे पानठेल्यासाठी टॅली विकत घेणं. दुसरी वाट आली, की मात्र स्वतःचा जाळे-क्रमांक आणि बीजीपी दोन्ही लागतात. द्रुकनेटचा क्रमांक १७६६० आहे.

आता खरी बाहेरची जोडणी. भूतानच्या आधी ज्या देशांनी सुरुवात केली त्यांतले बरेच रात्रीच्या फोनवर चालले. झांबियात विद्यापीठातला संगणक आणि दक्षिण आफ्रिकेतल्या ऱ्होड्स विद्यापीठातला संगणक यांच्यात ठरलेल्या वेळी फोन लागायचा, साठलेल्या ईमेल इकडून तिकडे जायच्या आणि फोन बंद. पूर्ण जोडणी तिथे नोव्हेंबर १९९४ मध्ये आली. हिशेब करून बघा. २,४०० बिटच्या मोडेमवर सेकंदाला सुमारे २४० अक्षरं जातात. दोन हजार अक्षरांच्या एका पत्राला ८ ते ९ सेकंद, म्हणजे २०० पत्रांना २८ मिनिटं. आधी दाबून लहान केली तर १४. आंतरराष्ट्रीय कॉलच्या दरानं हे एका विद्यापीठाला झेपतं. वेब मात्र असं चालत नाही, कारण पान बघायला लाइन सतत चालू लागते.

भूतान १९९९ मध्ये थेट सतत चालू जोडणीवर आला आणि ती उपग्रहावरून होती. डोंगराळ, समुद्र नसलेल्या देशाला दुसरा सोपा मार्गही नव्हता. उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंच असतो. तिथवर जाऊन खाली यायला प्रकाशाला पाव सेकंद लागतो. मागणी गेली आणि उत्तर आलं, की अर्धा सेकंद. यंत्रांतला उशीरही धरला तर ५५० ते ६०० मिलिसेकंद.

हा अर्धा सेकंद फोनवर बोलताना खटकतो, पण संगणकाला तो वेगळ्याच ठिकाणी लागतो, आणि त्या काळच्या निम्म्या तक्रारी इथून येत. इंटरनेटवर डेटा नीट पोचवणारी टीसीपी ही पद्धत एका वेळी ठराविक डेटा पाठवते आणि पोच मिळेपर्यंत थांबते. विंडोज ९५-९८ च्या काळात ही मर्यादा सुमारे ८ केबी होती. ८ केबी पाठवले, ०.५६ सेकंद थांबले, पुन्हा ८ केबी. भागाकार केला तर सेकंदाला ११७ किलोबिट येतात. लिंक ३८४ किलोबिटची घ्या नाहीतर २ मेगाबिटची, एक फाइल उतरवताना वेग ११७ च्या वर जाणार नाही. ग्राहक म्हणतो लाइन खराब, अभियंता म्हणतो लाइन रिकामी आहे, आणि दोघंही खरं बोलत असतात. मर्यादा ६४ केबीपर्यंत वाढवली की तोच आकडा ९४० किलोबिटच्या आसपास जातो. पण ती प्रत्येक ग्राहकाच्या संगणकात, विंडोजच्या आतल्या रजिस्ट्री नावाच्या नोंदींत हात घालून वाढवावी लागे, आणि ते कोण करणार?

वेबपानाचं दुखणं आणखी वेगळं. जुन्या पद्धतीत प्रत्येक चित्रासाठी नवी जोडणी: एक फेरी ओळख करायला, एक फेरी चित्र मागायला. म्हणजे चित्रामागे ११२० मिलिसेकंद नुसती वाट बघणं. २० चित्रं, एका वेळी चार जोडण्या, तर साडेपाच सेकंद काहीच न उतरता गेले. यावर उपाय म्हणजे थिंफूसारख्या टोकाला कॅश सर्व्हर ठेवणं. स्क्विड हे मोफत सॉफ्टवेअर, मोठी हार्डडिस्क आणि जितकी परवडेल तितकी मेमरी. एकानं बघितलेलं पान दुसऱ्याला तिथूनच मिळतं. छोट्या देशात सगळे साधारण तीच वर्तमानपत्रं आणि तीच ईमेल सेवा उघडतात, म्हणून कॅशचा फायदा तिथे मोठ्या शहरापेक्षाही जास्त.

अँटेनाबद्दल दोन गोष्टी. जिथे पाऊस फार तिथे सी-बँड घ्यावा, वर पाठवायला ६ आणि खाली घ्यायला ४ गिगाहर्ट्झ. केयू-बँडची डिश लहान आणि स्वस्त असते, पण जोराच्या सरीत सिग्नल बसतो. दरीतल्या गावात डिश लावताना उपग्रह क्षितिजापासून किती अंशांवर आहे आणि त्या दिशेचा डोंगर किती अंश उंच आहे हे आधी मोजावं लागतं. नकाशावर उपग्रह दिसतो, जागेवर मध्ये डोंगर उभा असतो. दुसरी गोष्ट सूर्याची. वर्षातून दोनदा, उत्तर गोलार्धात मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सूर्य बरोबर उपग्रहाच्या पाठीमागे येतो. काही दिवस रोज ठराविक वेळी काही मिनिटं रिसीव्हरला फक्त सूर्याचा गोंगाट ऐकू येतो. यात बिघाड काही नसतो, वेळा आधीच काढता येतात. तरी दरवर्षी कुणीतरी डिश हलवून बघतंच, आणि मग खरा बिघाड होतो.

पैशाची बाजू याहून जाचक. आंतरराष्ट्रीय फोनमध्ये दोन्ही देश आपापल्या अर्ध्या वाटेचा खर्च उचलत आणि हिशेब मिटवत. इंटरनेटमध्ये छोट्यानं मोठ्याच्या दारापर्यंतचं पूर्ण भाडं भरायचं, दोन्ही अर्ध्यांचं. डेटा दोन्ही बाजूंनी वाहतो, बिल एकाच बाजूला येतं. यावर बरीच भांडणं होऊन आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं २००० साली डी.५० ही शिफारस काढली: खर्च दोघांनी आपसांत ठरवून वाटून घ्यावा. शिफारस छान आहे. ज्याच्याकडे मोठं जाळं आहे त्यानं ती का मानावी, याचं उत्तर तिच्यात नाही. राजेहो, भाव करायला आधी दुसरं दुकान असावं लागतं.

घरापर्यंतचा भाग मात्र भूतानचा तुलनेनं बरा होता. फोन थोडे होते, पण एक्स्चेंज डिजिटल होती, आणि ५६के मोडेमला नेमकं तेच लागतं. १९९८ चं व्ही.९० मानक ग्राहकापासून सेवेपर्यंत अ‍ॅनालॉग रूपांतर एकदाच होईल असं गृहीत धरतं. त्यामुळे सेवेच्या बाजूला साधे मोडेम लावून चालत नाहीत, थेट ई१ लाइन घ्यावी लागते: २.०४८ मेगाबिट, ३२ खाने, त्यांतले ३० कॉलसाठी. मग ग्राहकाला उतरताना ५० किलोबिटच्या आसपास मिळतात आणि पाठवताना ३३.६. वाटेत आणखी एक अ‍ॅनालॉग तुकडा आला, की दोन्हीकडे ३३.६. जुन्या लांब लाइनींवर आवाज सुधारायला लावलेली लोडिंग कॉइल असेल, तर तेवढेही नाहीत. त्यात पावसाळ्यात खांबावरच्या डब्यात पाणी शिरलं, की बोलणं नीट ऐकू येतं आणि मोडेम मात्र दर दहा मिनिटांनी सुटतो.

किती लाइनी घ्यायच्या याचा जुना ठोकताळा दहा ग्राहकांमागे एक. समजा ६०० ग्राहक आहेत, म्हणजे ६० लाइनी, दोन ई१. सगळ्या भरल्या आणि बाहेरची लिंक ३८४ किलोबिटची असली, तर प्रत्येकाच्या वाट्याला ६.४ किलोबिट. म्हणजे मोडेम ५० दाखवतो आणि पान सरकत नाही. मोडेम वाढवले की तक्रार «लाइन बिझी आहे» वरून «लाइन मंद आहे» वर जाते, एवढंच. आणखी एक गोष्ट आधी कुणाच्या लक्षात येत नाही. एक्स्चेंज तीन-चार मिनिटांच्या बोलण्यासाठी आखलेली असते. इंटरनेटचा कॉल अर्धा तास, तासभर चालतो. संध्याकाळी सातला तीसचाळीस जण इंटरनेटवर बसले, की छोट्या एक्स्चेंजमधल्या सामायिक वाटा अडकतात आणि ज्याला नुसता दवाखान्यात फोन करायचा आहे त्यालाही डायल टोन मिळत नाही. आपल्याकडे डायल-अपच्या दिवसांत हेच झालं.

पुढे भूतानची मोठी वाट उपग्रहावरून जमिनीवर आली. सीमेवरच्या फुंट्शोलिंगहून फायबर भारतात उतरते आणि सिलिगुडीकडे जाते. दुसरं दार पूर्वेकडे गेलेफूला आहे. देशाच्या आतली फायबर बरीचशी विजेच्या टॉवरांवरून गेलेली आहे. ही कल्पना समजून घ्यायची तर कोराडीकडे जाताना मान वर करून बघा. उच्चदाबाच्या टॉवरवर सगळ्यांत वर, विजेच्या तारांच्याही वर, एक-दोन बारीक तारा असतात. त्या वीज वाहत नाहीत, आकाशातली वीज झेलून जमिनीत उतरवतात. त्या तारेच्या पोटात नळी घालून तिच्यात २४ किंवा ४८ काचतंतू बसवले, की झाली ओपीजीडब्ल्यू. खोदकाम नाही, रस्ता खात्याची परवानगी नाही, दरड कोसळली तर टॉवर टिकला की तारही टिकते. थिंफू–फुंट्शोलिंग रस्ता पावसाळ्यात अनेकदा दरडींनी बंद पडतो, तिथे याची किंमत कळते.

भूतानला हे जमलं कारण वीज हाच त्यांचा मोठा माल. चुखा प्रकल्प ३३६ मेगावॉटचा, ताला १,०२० मेगावॉटचा, आणि दोन्हींची वीज टॉवरांवरून पश्चिम बंगालात येते. त्याच उभ्या टॉवरांच्या रांगेवर काच चढवायची. खाली वीज उतरते, वर इंटरनेट चढतं.

याचे तोटेही आहेत. ओपीजीडब्ल्यू तुटली तर ती बदलायला बहुतेकदा विजेची लाइन बंद करावी लागते, आणि मेगावॉट विकणाऱ्याला ते परवडत नाही. म्हणजे इंटरनेट वीजवाल्यांच्या वेळापत्रकाची वाट बघत बसतं. जोड टॉवरवरच असतात. जमिनीपासून काही मीटर उंचीवर जोडपेटी बसवतात आणि दोन्ही बाजूंनी जादा केबल गुंडाळून ठेवतात, कारण जोडकाम वर लटकून होत नाही, खाली आणूनच करावं लागतं. ही जादा गुंडाळी कंत्राटदारानं वाचवली, की पहिल्याच बिघाडाला हात कपाळावर.

अंतराचा हिशेबही आधीच करावा. १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशातला काच किलोमीटरमागे सुमारे ०.२२ डेसिबल खाते. ८० किलोमीटरला १७.६. दर ४ किलोमीटरला एक जोड धरला तर २० जोड, प्रत्येकी ०.१, झाले २. कनेक्टरचा १, पुढच्या दुरुस्त्यांसाठी राखीव ३. एकूण २३.६. बाजारात «८० किलोमीटरचं» म्हणून मिळणाऱ्या ऑप्टिकल मॉड्यूलची, म्हणजे प्रकाश पाठवणाऱ्या-घेणाऱ्या डबीची, घट सोसण्याची ताकद साधारण २३-२४ डेसिबल असते. म्हणजे पहिल्या दिवशी चालेल आणि दुरुस्त्यांत राखीव संपली की चालणार नाही. ते ६०-६५ किलोमीटरवरच वापरावं.

सिलिगुडीपाशी मात्र सगळं पुन्हा अरुंद होतं. नेपाळ आणि बांगलादेश यांच्यामधला हा भारताचा पट्टा सर्वांत चिंचोळ्या जागी २०-२२ किलोमीटर रुंद आहे. फुंट्शोलिंगहून आलेली वाट इथून जाते, आणि गेलेफूहून आसामात उतरलेली वाटही भारताच्या समुद्रकेबलांकडे जायची तर इथूनच. दोन दारं आहेत, पण अंगण एकच. पुढे मुंबई किंवा चेन्नईपर्यंत अडीच-तीन हजार किलोमीटर. फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे जाऊन-येऊन २५ ते ३० मिलिसेकंद. उपग्रहाच्या ५५० च्या मानानं काहीच नाही. अडचण वेळेची नाही, वाटेची आहे. २०२५ च्या सुरुवातीला भूतानात स्टारलिंक सुरू झालं. त्याचे उपग्रह साडेपाचशे किलोमीटरवर फिरतात, त्यामुळे जुना अर्धा सेकंद गेला, आणि सिलिगुडीवरून न जाणारी एक वाट मिळाली.

एकच वाट असण्याची किंमत टोंगानं दोनदा मोजली. फिजीपर्यंतची त्यांची ८२७ किलोमीटरची समुद्रकेबल २०१३ साली सुरू झाली. जानेवारी २०१९ मध्ये ती तुटली आणि देश जवळपास दोन आठवडे उपग्रहाच्या थेंबांवर होता. १५ जानेवारी २०२२ च्या ज्वालामुखी स्फोटात ती पुन्हा तुटली आणि मुख्य बेटाची जोडणी परत यायला २२ फेब्रुवारी उजाडला.

नागपुरात हे सगळं लहान मापात रोज घडतं. दवाखाना, क्लासेस, सीएचं ऑफिस, सगळे हल्ली दोन कंपन्यांच्या दोन लाइनी घेतात आणि निवांत होतात. धरमपेठ, महाल, इतवारी, कुठेही जाऊन खांब बघा: दोन्ही केबल एकाच खांबावर, एकाच गाठीत बांधलेल्या. सिमेंट रोडच्या कामाचा जेसीबी आला, की दोन्ही एका खोऱ्यात. पुष्कळदा छोट्या दोन कंपन्या वरची क्षमता एकाच मोठ्या कंपनीकडून घेतात, म्हणजे खांब वेगळे असले तरी सिलिगुडी एकच.

हे तपासता येतं. दोन्ही लाइनींवर वेगवेगळं ट्रेसरूट (डेटा कोणकोणत्या टप्प्यांवरून जातो ते दाखवणारी आज्ञा) चालवा आणि तिसऱ्या ते सहाव्या टप्प्यावर त्याच जाळ्याचे पत्ते दिसतात का ते बघा. लीज्ड लाइन, म्हणजे फक्त तुमच्यासाठी भाड्यानं घेतलेली लाइन, घेत असाल तर मार्गाची केएमझेड (नकाशावर मार्ग दाखवणारी) फाइल मागा, दोन्ही फाइली गूगल अर्थवर एकावर एक ठेवा. «मार्ग वेगळा आहे» असं तोंडी सांगणारा फाइल द्यायला टाळत असेल, तर तो वेगळा नाही असं समजा. इमारतीत दोन्ही केबल दोन वेगळ्या बाजूंनी आत घ्या, आणि जमत असेल तर दुसरी वाट फायबर न घेता गच्चीवरची रेडिओ लिंक घ्या. बॅटरी रस्त्यावरच्या बंद पेटीत ठेवू नका. २५ अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना शिशाच्या बॅटरीचं आयुष्य निम्मं होतं, आणि आपल्या मे महिन्यात पत्र्याच्या पेटीत काय तापमान असतं ते हात लावून कळतं.

आणि तीन महिन्यांतून एकदा, कामाच्या दिवशी सकाळी अकराला, मुख्य लाइनची केबल राउटरमधून उपसून पंधरा मिनिटं बाजूला ठेवा. रविवारी करू नका, रविवारी सगळंच चालतं.